हा तरोटा नव्हे! अनोळखी रानभाजीचं नाव विचारायचं कसं आणि कुणाला



मृगाचा पाऊस बरा झाला की आठ-पंधरा दिवसांत धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, पडीत वावरात हिरवं दिसायला लागतं. तरोटा, कुंजीर, घोळ, चिवळ, पाथरी, केना आणि थोड्या दिवसांनी करटोली. बाजारात भाजी महाग असते तेव्हाच ही फुकटची भाजी हाताशी येते. आपल्या आया-आज्यांनी कितीतरी पावसाळे हिच्यावरच काढले.

आता या भाज्यांना गिऱ्हाईकही आलं आहे. ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभागाकडून रानभाजी महोत्सव भरतो. आपल्या गटांच्या बाया टोपल्या घेऊन बसतात आणि शहरातल्या बाया, ज्यांनी तरोटा कधी जमिनीवर उगवलेला पाहिला नाही, त्या आपल्या शब्दावर विश्वास ठेवून जुडी घेऊन जातात. आपल्या घरात आजी बसलेली असते. ती कढईत पडायच्या आधी एखादं पान उचलून बाजूला टाकते. गिऱ्हाइकाच्या घरी तशी आजी नाही. तिच्या कढईत काय पडणार याची जबाबदारी आपली आहे, म्हणून आज नावाबद्दल बोलणार आहे. झाड ओळखीचं नसेल तर त्याचं नाव कसं पक्कं करायचं, कुणाला विचारायचं, आणि विचारायला जाताना हातात काय घेऊन जायचं.

तरोट्यापासूनच सुरुवात करू, कारण तरोटा सगळ्यांना येतो असं सगळ्यांना वाटतं.

मागच्या वर्षी आषाढात आमच्या एका गटाने तरोट्याच्या जुड्या बांधायला घेतल्या होत्या. पाच-सहा जणींनी भाजी खुडून आणली होती. त्यात गावात नवीन आलेली एक सूनबाईही होती, शिकलेली, उत्साही. तिच्या ढिगात काही डहाळ्या जरा वेगळ्या होत्या. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी त्या उचलल्या, चुरगळून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा तरोटा नोहे वं माय. हा त्याचा चुलत भाऊ होय."

सूनबाईने लगेच मोबाईल काढला आणि पानाचा फोटो ॲपला दाखवला. ॲपने एकदा एक नाव दिलं, फोटो जरा वाकडा धरला तर दुसरं. आजी हसल्या. मी त्या डहाळ्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोटो पाठवले. मला वाटलं, पाच मिनिटांत नाव येईल. त्यांचं उत्तर आलं: "फुलं-शेंगा नाहीत. अंदाज आहे, पण अंदाज तुमच्या टोपलीत ठेवणार नाही. झाडाला चिंधी बांधून ठेवा, फूल आलं की कळवा."

मैत्रिणींनो, खरा जाणकार ओळखायची हीच खूण आहे. जो बघताक्षणी छातीठोक सांगतो त्याच्यापेक्षा, जो "थांबा" म्हणतो त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवते.

आम्ही धुऱ्यावरच्या त्या झाडाला लाल चिंधी बांधली. भादव्यात पिवळी फुलं आली, मग शेंगा धरल्या. तेव्हा सर स्वतः आले आणि आजींना म्हणाले, "आजी, तुम्ही बरोबर होता. हा कासविंदा. तरोट्याच्याच घराण्यातला." चुलत भाऊ म्हणजे तेच की!

आता फरक सांगते, नीट ऐका, जमलं तर लिहून घ्या. तरोट्याच्या एका देठावर बहुतेक तीन जोड्या पानं असतात. पान शेंड्याकडे रुंद, टोक गोलसर, बोथट. संध्याकाळ झाली की ती पानं मिटतात. शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याच्या देठावर जोड्या जास्त, चार-पाच किंवा त्याहूनही जास्त, आणि पान टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, भाल्यासारखं. देठाच्या अगदी बुडाशी एक गडद बारीक गाठ दिसते. तरोट्याला अशी गाठ बुडाशी नसते, वर पानांच्या जोड्यांमध्ये असते. कासविंद्याची शेंग चपटी, थोडी वर वाकलेली, कडा फिकट आणि मधला भाग तपकिरी. वासावर जाऊ नका, चुरगळल्यावर उग्र वास दोघांनाही येतो. आजींना वासातला फरक कळतो, पण त्यांच्या नाकाला सत्तर पावसाळ्यांची सवय आहे.

एवढा बारकावा कशाला, असं कुणी म्हणेल. कासविंद्याचा पाला काही ठिकाणी औषधात वापरतात, हेही खरं. पण त्याच्या बियांची गोष्ट ऐका.

उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, बिजनौर-सहारनपूरकडे, दरवर्षी पावसाळा सरता सरता लहान मुलं अचानक आजारी पडत. उलट्या, मग बेशुद्धी, आणि दोन-तीन दिवसांत मूल हातचं जायचं. मेंदूज्वर म्हणून उपचार चालत. सगळ्यांना वाटायचं की एखादा विषाणू असेल. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी हा आजार नीट तपासला. मुलं बहुतेक गरीब घरची, खेड्यातली, दोन ते पाच-सहा वर्षांची. बिघाड फक्त मेंदूत नव्हता, यकृत आणि स्नायूही निकामी होत होते. विषाणू सापडत नव्हता. मग मुलांनी काय खाल्लं होतं याची घरोघर चौकशी झाली आणि उत्तर निघालं: घराजवळ वाढलेल्या कासविंद्याच्या शेंगा. मुलं खेळता खेळता शेंगा सोलून बिया खात होती. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात मुलं दगावली, तेव्हा तिथेही जपानी मेंदूज्वराच्या जोडीने याच बियांकडे तज्ज्ञांचं बोट गेलं.

इतकी वर्षं झाड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, कारण प्रश्न कुणी विचारला नाही. आपल्या अंगणवाडीच्या मागे, शाळेच्या कुंपणाला, उकिरड्याच्या कडेला हे झाड आहे का, आज बघा. असेल तर शेंगा धरायच्या आत उपटा. मोगली एरंडाचंही तेच. कुंपणाला म्हणून लावतात, बी शेंगदाण्यासारखं गोड लागतं, आणि मुलं मूठभर खाऊन दवाखान्यात जातात.

आता नावांचा घोळ बघू. आपण ज्याला तरोटा म्हणतो त्याला कोकणात टाकळा म्हणतात. करटोली, कटुर्ले, काटवल, कंटोली ही सगळी एकाच वेलीच्या फळाची नावं. मालेगावकडच्या आंध आदिवासी बायांकडे एक नाव, मानोऱ्याकडच्या तांड्यावर दुसरं. एका झाडाला चार नावं, हे एक वेळ चालून जातं. एकाच नावाची दोन झाडं असली तर मात्र घात होतो. धोतरा बघा. पांढऱ्या फुलाचा, काटेरी बोंडाचा धोतरा वेगळा आणि पिवळा धोतरा वेगळा. घराणीही वेगळी, पण दोन्ही विषारी. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, पायांना सूज येऊन शेकडो लोक आजारी पडले आणि अनेक जण दगावले.

म्हणून तज्ज्ञ लोक झाडाचं लॅटिन नाव लिहितात. घाबरू नका, ते आपल्यासारखंच असतं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्याचा स्वतःचा. तरोटा सेन्ना टोरा, कासविंदा सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. आडनाव एकच, म्हणजे भाऊबंद. जुन्या पुस्तकांत दोघांचं आडनाव कॅसिया लिहिलेलं सापडेल. अभ्यास पुढे गेला तसं आडनाव बदललं. लग्नानंतर आपलं बदलतं तसंच, बाई तीच!

गुळवेलीचं प्रकरण तर आपल्या राज्यातलंच. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला होता, आठवतं ना? 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या. त्यावर केंद्राच्या आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती वेल गुळवेलच होती हे आधी सिद्ध करा, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. डॉक्टर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. या वादात मी पडत नाही. पण वाद आला कशावर? वेल नेमकी कोणती यावर. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर चामखिळीसारखे ठसठशीत फोड असतात. पानं दोघींचीही बदामाच्या आकाराची. नुसती पानं बघून वेल तोडणारा फसू शकतो. आणि मैत्रिणींनो, गुळवेल खरी असली तरी रोज, महिनोन्‌महिने, वैद्याला किंवा डॉक्टरला न विचारता पिऊ नका.

आता फोटो कसा काढायचा. बहुतेक वेळा आपण एका पानाचा जवळून फोटो काढतो आणि विचारतो, "सर, हे काय आहे?" हे म्हणजे माणसाच्या करंगळीचा फोटो पाठवून नाव विचारण्यासारखं झालं. आधी सगळं झाड दिसेल असा फोटो घ्या, आजूबाजूच्या जागेसकट. मग एक फांदी. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे तिच्यावर दिसलं पाहिजे, जाणकार आधी तेच बघतो. पानाची वरची बाजू, मग उलटी बाजू. फूल समोरून आणि बाजूने. फळ किंवा शेंग असेल तर सोललेली आणि न सोललेली. शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. मोडल्यावर चीक येतो का, पांढरा की पिवळा, ते लिहा. गाव, जागा आणि तारीख लिहा. ओलसर नाल्याकाठी होतं की मुरमाड टेकडीवर, हेही लिहा.

करटोलीच्या बाबतीत आणखी एक. तिच्या नराची वेल वेगळी आणि मादीची वेगळी. मादीच्या फुलाखाली बारीकसं फळ आधीच दिसतं, नराच्या फुलाखाली ते नसतं. एकाच वेलीचा फोटो पाठवला तर अर्धीच गोष्ट कळते. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "आमच्या धुऱ्यावरच्या वेलीला फळच धरत नाही, उपटून टाकू का?" ती नराची वेल असते. उपटू नका, तिच्याशिवाय शेजारची मादी फळणार नाही.

फोटोपेक्षाही चांगलं म्हणजे वाळवलेली फांदी. फूल किंवा फळ असलेली वीतभर फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा. एक पान वरची बाजू दाखवत, एक उलटं. वर पाटा किंवा विटा ठेवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. आठवडा-पंधरवड्यात ती कडक वाळते आणि जपली तर वर्षानुवर्षं टिकते. मोठ्या संस्थांमध्येही हेच करतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात अशा वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. याच संस्थेने 1988 साली अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींचं पुस्तक काढलं, कांबळे आणि प्रधान या दोघांनी लिहिलेलं. आपला वाशिम जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला, म्हणजे त्या पुस्तकातला अकोला म्हणजे आपणही. सरांनी ते मला दाखवलं. इंग्रजी आहे, आपल्याला वाचायला जड आहे, पण आपल्या धुऱ्यावरचं गवतसुद्धा कुणीतरी मोजून लिहून ठेवलंय हे बघून बरं वाटलं.

कुणाला विचारायचं? पहिली आपल्या गावातली आजी. हे मी मान राखायचा म्हणून सांगत नाही. कासविंदा कुणी ओळखला ते तुम्ही ऐकलंच. फक्त एका आजीवर थांबू नका, दोघी-तिघींना वेगवेगळं विचारा आणि एकमत होतं का बघा. दुसरे, जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. लाजू नका, त्यांनाही आपल्याकडून नवं कळतं. कोणतं पान कधी खुडायचं, कसं उकडायचं, पाणी टाकायचं की ठेवायचं, हे त्यांच्या पुस्तकात फारसं नसतं. तिसरं ठिकाण, रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. गावातल्या कृषी सहायकाला सांगितलं तरी नमुना पुढे जाऊ शकतो. मोबाईलचं ॲप वापरा, मी त्याच्या विरोधात नाही. त्याने सांगितलेलं नाव कागदावर लिहा आणि माणसाला विचारा. ॲपच्या भरवशावर कढई ठेवू नका.

काही समजुती मात्र सोडा. "बकरी खाते म्हणजे आपल्याला चालतं," हे चुकीचं आहे. बकरी रुईचा पालासुद्धा ओरबाडते, आपण खाऊ का? "उकळलं की विष जातं," हे काही वनस्पतींना लागू आहे, सगळ्यांना नाही. भोपळा, दोडका, काकडीच्या घराण्यातलं फळ, कारलं सोडून, कडू लागलं तर तिथेच थुंका. त्यातला कडूपणा शिजवून जात नाही आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. अळंबीबद्दल लोक लसणाची पाकळी, चांदीचं नाणं असल्या परीक्षा सांगतात. त्यात काही अर्थ नाही. अळंबी आमच्या गटांनी विकायची नाही असा नियमच मी ठेवला आहे. काही बाया त्यावर रागावतात. रागावू देत.

आणखी एक धोका झाडाच्या ओळखीत येत नाही. झाड खरं तरोटाच असतं, पण शेजारच्या सोयाबीनवर चार दिवसांपूर्वी तणनाशक मारलेलं असतं. वावर कुणाचं आणि फवारणी कधी झाली, हे विचारल्याशिवाय धुऱ्यावरचं खुडू नका. तणनाशकामुळे कुंजीर आणि पाथरी आता कशी शोधावी लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ आणि चिवळ जपून खावी, हेही गिऱ्हाइकाला सांगत जा.

आणि एवढं करूनही कुणी चुकीचं काही खाल्लं, मूल असो की मोठं माणूस, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा. जे खाल्लं त्याची फांदी, शेंग, उरलेली भाजी, अगदी उलटीत आलेलं पानसुद्धा पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना झाडाचं नाव कळलं तर उपचारात वेळ वाचतो.

आता नोंदीबद्दल. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. गावातल्या झाडाझुडपांची, त्यांच्या स्थानिक नावांची आणि वापराची लोकजैवविविधता नोंदवही या समितीने ठेवायची असते. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. आपल्या गावची वही बघायला मागा. तिच्यात आपल्या आजीची नावं आहेत का, की दुसऱ्या गावची यादी उतरवली आहे, हे पानं उलटली की लगेच कळतं. नसतील तर समितीला लेखी द्या आणि आजीला सोबत घेऊन जा. आमच्या गटाने स्वतःचीही एक दोनशे पानी वही केली आहे. डाव्या पानावर वाळलेली फांदी चिकटवलेली, उजव्या पानावर आजींनी सांगितलेलं नाव, कधी खुडायची, कशी शिजवायची, आणि खाली सरांनी दिलेलं लॅटिन नाव आणि तारीख. ज्या पानावर दोन्ही नावं नाहीत ती भाजी टोपलीत जात नाही.

त्या वहीतलं तेरावं पान अजून अर्धं आहे. नाल्याकाठची एक वेल, पान पिंपळासारखं पण लहान आणि मागून लवदार. एक आजी म्हणते तिचा पाला खातात, दुसरी म्हणते जनावराच्या जखमेला लावतात, तिसरीने ती पाहिलेलीच नाही. सरांनी दोनदा बघूनही नाव दिलेलं नाही, फूल हवं म्हणाले. या वर्षीही चिंधी बांधून ठेवली आहे. तुमच्याकडे अशी वेल फुललेली दिसली तर वर सांगितले तसे फोटो काढा आणि फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून गटाच्या मासिक बैठकीला घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, घामेजून सडते.